वरचे गाव, खालचे गाव

गेल्या माघ पौर्णिमेला आमच्या साक्षरता वर्गातली अकरा माणसे नरसोबाच्या वाडीला जाऊन आली. सहा बाया, चार बाप्ये आणि अकरावा मी. मी शाळेतून निवृत्त झालेला हेडमास्तर. आता संध्याकाळी हा वर्ग घेतो.

वाडीला जायचे ठरवले ते आमच्या वर्गातल्या मावशींनी. त्यांचे वय अठ्ठावन्न. वर्गात आल्या तेव्हा त्यांनी नवस केला होता, "माझं नाव मला लिहायला आलं की वाडीला जाईन आणि दत्ताला सांगून येईन." दिवाळीनंतर त्यांना नाव लिहायला आले. मग नवस फेडायला नको का?

निघताना मी एक अट घातली. वाटेत जी पाटी दिसेल ती वाचायची. जी नदी लागेल तिचे नाव वहीत लिहायचे. सगळ्यांनी ती आनंदाने कबूल केली.

सात नद्यांची वाट

पहिले नाव घरीच लिहिले. आपली ताम्रपर्णी. ताम्र म्हणजे तांबे, पर्ण म्हणजे पान. आपल्या चंदगडच्या डोंगरात ही नदी उगम पावते. कोवाडवरून पुढे जाते आणि घटप्रभेला मिळते. ह्याच नावाची दुसरी एक मोठी नदी दूर तमिळनाडूत आहे.

पहाटेची एस.टी. धरली. अडकूर-नेसरीच्या वाटेवर घटप्रभा लागली. हे दुसरे नाव. नेसरीला सगळ्यांनी हात जोडले. इथेच १६७४ साली सरसेनापती प्रतापराव गुजर आणि त्यांचे सहा साथी शत्रूवर तुटून पडले आणि कामी आले.

गडहिंग्लजला हिरण्यकेशी भेटली. ती आंबोलीच्या डोंगरातून येते. हे तिसरे नाव.

संकेश्वरला गाडी कर्नाटकात शिरली आणि पाट्या एकदम बदलल्या. आमच्यातले एक आप्पा खिडकीतून बघत होते. ते घाबरून म्हणाले, "गुरुजी, मी परत अडाणी झालो की काय? एक अक्षर लागंना!" सगळी गाडी हसली. मी म्हटले, "आप्पा, ती कानडी अक्षरं आहेत. आज ती तुम्हाला आणि मला सारखीच. एक लिपी शिकलेला माणूस दुसरीही शिकू शकतो."

निपाणीजवळ वेदगंगा ओलांडली. कागलजवळ दूधगंगा ओलांडली आणि आपण पुन्हा महाराष्ट्रात आलो. कोल्हापुरात अंबाबाईचे दर्शन घेतले. सांगलीच्या रस्त्याला लागलो तेव्हा शिरोलीच्या पुलाखाली पंचगंगा दिसली. वहीत सहा नावे झाली. सातवी कृष्णा. ती वाडीलाच भेटणार होती.

मावशींनी विचारले, "गुरुजी, एवढ्या नद्या जातात तरी कुठं?"

मी म्हटले, "मावशी, ह्या साऱ्या शेवटी कृष्णेलाच मिळतात. कोणी लवकर, कोणी उशिरा."

वाडी

नरसोबाची वाडी, म्हणजेच नृसिंहवाडी, शिरोळ तालुक्यात आहे. इथे पंचगंगा येऊन कृष्णेला मिळते. दोन नद्या मिळतात त्या जागेला संगम म्हणतात. आपल्या लोकांनी संगम फार पवित्र मानला आहे.

श्री नृसिंह सरस्वती ह्यांना लोक दत्ताचा अवतार मानतात. ते ह्या संगमावर औदुंबराखाली बारा वर्षे राहिले आणि मग गाणगापूरला गेले, असे परंपरा सांगते. इथे मूर्तीपेक्षा पादुकांना मान आहे. पादुका म्हणजे पावलांची खूण. देऊळ नदीच्या अगदी काठाला आहे. त्याला उंच शिखर नाही. हे देऊळ विजापूरच्या आदिलशहाने बांधून दिले, अशी गोष्ट वाडीत सांगतात.

पावसाळ्यात नदी फुगली की पाणी देवळात येते. उत्तरेकडून आत शिरते, पादुकांवरून वाहते आणि दक्षिणेच्या दाराने बाहेर पडते. त्या दारात स्नान करायला लोक लांबून येतात. त्याला दक्षिणद्वार सोहळा म्हणतात. पाणी आणखी चढले की उत्सवमूर्ती वरच्या बाजूला हलवतात. नदी जणू देवाचे पाय धुवायला येते, अशी लोकांची भावना आहे.

दर बारा वर्षांनी गुरू हा ग्रह कन्या राशीत येतो. तेव्हा इथे कन्यागत पर्वकाळ असतो. त्या काळात गंगा कृष्णेच्या भेटीला येते, असे लोक मानतात. मागचा कन्यागत २०१६ साली झाला. पुढचा २०२८ साली येईल.

पण नदीचे दुसरे रूपही वाडीने पाहिले आहे. २०१९ च्या ऑगस्टमध्ये महापूर आला. वाडी पाण्यात गेली. शिरोळ तालुक्यातली कितीतरी गावे सोडून लोकांना बाहेर पडावे लागले. त्याच दिवसांत आपल्या कोवाडलाही ताम्रपर्णीचे पाणी बाजारात आणि घरांत शिरले होते, हे आपल्याला आठवतेच. नद्या निराळ्या, पण पाऊस एकच आणि दुःखही एकच.

घाटावरची गोष्ट

आम्ही घाटावर उतरलो. सूर्य वर आला होता. लोक स्नान करत होते. कृष्णेला नमस्कार करून मावशींनी वही काढली आणि सातवे नाव लिहिले.

मग त्या संगमाकडे बघू लागल्या. पंचगंगेच्या बाजूने हिरव्या पानांचे पुंजके वाहत येत होते. ती जलपर्णी. काठाला फुलांचे हार, प्लॅस्टिकच्या पिशव्या, फाटक्या साड्या अडकल्या होत्या. पाण्याला वास येत होता.

मावशींचा चेहरा उतरला. त्या मोठ्याने म्हणाल्या, "एवढी देवाची नदी आणि ही घाण! वरच्या गावच्या लोकांना लाज कशी वाटत न्हाई?"

शेजारी एक फुलवाल्या बाई बसल्या होत्या. त्यांनी विचारले, "मावशी, तुमचं गाव कुठलं?"

"चंदगडकडलं."

"तिकडं नदी हाय?"

"हाय की. ताम्रपर्णी. पाणी कसं आरशासारखं."

फुलवाल्या बाई हार ओवता ओवता म्हणाल्या, "मग तिच्या खालच्या गावचं लोक तुमाला काय म्हणत असतील?"

मावशी गप्प झाल्या. आम्ही सगळेच गप्प झालो. मला तर मान वर करवेना. का, ते सांगतो.

माझी चूक

ही गोष्ट वीसेक वर्षांपूर्वीची. आमच्या घरची काजूची बाग आहे. त्या वर्षी मोहोर चांगला आला होता आणि त्यावर कीड पडली. मी औषध आणले. गड्याने पंपाने फवारणी केली. सांज झाली तेव्हा मी त्याला म्हटले, "पंप आणि बाटली ओढ्यात धुऊन टाक." त्याने तसे केले.

दुसऱ्या दिवशी ओढ्याच्या डोहात मासे पोट वर करून तरंगत होते. बारीक, मोठे, सारे. खालच्या वाडीतल्या बाया त्याच ओढ्याच्या काठाला झिरा खणून पाणी भरत. त्यांनी मासे पाहिले आणि घागरी रिकाम्या घेऊन परत गेल्या. पुढचे चार दिवस त्यांनी अर्ध्या कोसावरच्या विहिरीचे पाणी डोक्यावरून आणले. त्यांत एक बाई दिवस भरत आलेली होती.

कोणी भांडायला आले नाही. मी शाळेचा मास्तर. माझ्यापुढे कोण बोलणार? फक्त एक म्हातारी वाटेत भेटली तेव्हा म्हणाली, "मास्तर, पोरास्नी शिकवता तुमी. आमच्या पाण्याचं कुणी शिकवायचं?"

घरी येऊन मी ती बाटली पाहिली. तिच्यावर लाल त्रिकोण होता. बरोबरच्या कागदावर छापले होते की हे औषध नदी, ओढा, तळे ह्यांत जाऊ देऊ नये. गड्याला वाचता येत नव्हते. त्याचा काय दोष? मला वाचता येत होते आणि मी वाचले नव्हते.

म्हणून हे नीट लक्षात ठेवा. शेतीच्या विषारी औषधाच्या डब्यावर रंगीत त्रिकोण असतो. लाल म्हणजे अतिशय विषारी. पिवळा म्हणजे फार विषारी. निळा म्हणजे मध्यम विषारी. हिरवा म्हणजे त्याहून कमी विषारी. हिरवा त्रिकोण पाहून हे निर्धोक आहे, असे समजू नका. चारही रंग विषाचेच.

वरचे कोण, खालचे कोण?

वाडीच्या घाटावर बसून मी जमिनीवर बोटाने रेघा ओढल्या आणि सगळ्यांना नद्यांचा नकाशा दाखवला. तुम्हीही काठी घेऊन अंगणात काढून पहा.

कृष्णा महाबळेश्वरला उगम पावते. कराडला तिला कोयना मिळते. सांगलीजवळ हरिपूरला वारणा मिळते. वाडीला पंचगंगा मिळते. वाडीच्या खाली दूधगंगा मिळते. वेदगंगा आधीच दूधगंगेत आलेली असते. मग कृष्णा कर्नाटकात जाते.

आता आपली बाजू पहा. ताम्रपर्णी घटप्रभेला मिळते. हिरण्यकेशीही घटप्रभेलाच मिळते. घटप्रभेवर हिडकलचे धरण आहे. त्याच्या पुढे गोकाकला तिचा धबधबा आहे. तिथे ती सुमारे १७० फूट खाली उडी घेते. मग बागलकोटच्या भागात ती कृष्णेला मिळते. नंतर हे सारे पाणी तेलंगण आणि आंध्र ओलांडून पूर्वेच्या समुद्राला जाते. उगमापासून समुद्रापर्यंत कृष्णेची लांबी सुमारे १,४०० किलोमीटर आहे.

म्हणजे चंदगडचे पाणी वाडीला येत नाही. ते वाडीच्या खूप खाली कृष्णेत जाते. वाडीला बसलो की आपण खालचे. कोल्हापूर, इचलकरंजी ही आपल्या वरची. घरी आलो की आपणच वरचे. हिडकल, गोकाक, बागलकोट हे आपल्या खालचे. तिथली माणसे घटप्रभेचे पाणी पितात. त्यांना आपले गाव ठाऊक नाही, आपले नाव ठाऊक नाही. पण आपण नदीत काय सोडतो, ते त्यांच्यापर्यंत पोहोचते.

आप्पा म्हणाले, "म्हणजे गुरुजी, प्रत्येक गाव कुणाचं तरी वरचं आणि कुणाचं तरी खालचं."

मला जे सांगायचे होते ते आप्पांनी एका वाक्यात सांगितले.

नदी आजारी कशी पडते?

पंचगंगेचेच उदाहरण घेऊ. कासारी, कुंभी, तुळशी, भोगावती आणि गुप्त मानलेली सरस्वती, अशा पाच नद्यांची ती बनते. कोल्हापूरजवळ प्रयाग चिखलीला त्यांचा संगम आहे. तिथून वाडीपर्यंत पंचगंगेची वाट सुमारे ८० किलोमीटर. एवढ्या वाटेत शहरांचे सांडपाणी आणि कारखान्यांचे मैलेपाणी तिच्यात येते.

वाहती नदी थोडी घाण स्वतः पचवते. पाण्यात डोळ्यांना न दिसणारे बारीक जीव असतात. ते घाण खातात. पण त्यांनाही श्वास घ्यावा लागतो. पाण्यात विरघळलेली हवा ते वापरतात. घाण फार झाली की हे जीव फार वाढतात आणि पाण्यातली हवा संपवतात. मग मासे गुदमरून मरतात. पंचगंगेत मासे मरून वर आल्याचे आपण अनेकदा ऐकले आहे. जलपर्णीही अशा सांडपाण्यावरच माजते. जसे शेणखतावर पीक वाढते तसे.

सांडपाण्यातून रोगही येतात. पटकी, जुलाब, विषमज्वर, कावीळ हे रोग घाण पाण्यातून पसरतात. पूर्वी मोठ्या जत्रांत पटकीची साथ येई आणि जत्रेला जाणाऱ्यांना आधी सुई टोचून घ्यावी लागे. हे जुने झाले असे समजू नका. २०१२ साली इचलकरंजीत काविळीची मोठी साथ आली. हजारो लोक आजारी पडले. काही दगावले.

मावशींनी मग मनातले विचारले. "गुरुजी, तीर्थ म्हणून ह्या पाण्याचा घोट घेऊ नको का? देव रागावंल?"

मी म्हटले, "मावशी, तीर्थ मस्तकाला लावा. डोळ्यांना लावा. देव भाव बघतो, घोट मोजत नाही. घरी न्यायचे तर देव्हाऱ्यात ठेवा. पण लहान पोराला आणि आजाऱ्याला पाजू नका. आरशासारखे दिसणारे पाणीसुद्धा रोगट असू शकते. पिण्याचे पाणी खळखळ उकळून घ्यावे. उकळल्याने रोगाचे जंतू मरतात. शेतीचे विष मात्र उकळून जात नाही. ते पाण्यात पडूच द्यायचे नाही."

मावशींनी ओंजळभर पाणी घेतले, कपाळाला लावले आणि सूर्याकडे बघून सोडून दिले.

आपल्या हातात काय आहे?

शहराचे सांडपाणी शुद्ध करून सोडणे हे नगरपालिकेचे आणि सरकारचे काम. कारखान्याने आपले मैलेपाणी साफ करणे हा कायदा आहे. १९७४ साली देशात पाण्याचे प्रदूषण रोखण्याचा कायदा झाला. त्याची आठवण करून देणे, अर्ज लिहिणे, ग्रामसभेत उभे राहून विचारणे हे आपल्या हातात आहे. आता तुम्हाला लिहिता येते. अर्ज लिहायला दुसऱ्याचे पाय धरायला नकोत.

आणि काही कामांना तर अर्जही लागत नाही.

यात्रेला गेल्यावर नदीत साबण लावू नये. आधी काठाला बादलीने अंग धुवावे, मग नुसती डुबकी घ्यावी. जुने कपडे नदीत सोडू नयेत. निर्माल्य कुंडात टाकावे. घरचे निर्माल्य खड्ड्यात पुरावे, त्याचे खत होते. गणपती शाडूचा आणावा. शौचाला नदीकाठी बसू नये. फवारणीचा पंप ओढ्यावर नेऊ नये. रानातच तीन वेळा विसळावा आणि ते पाणी विहिरीपासून आणि ओढ्यापासून लांब, फवारलेल्या पिकातच टाकावे. औषधाची रिकामी बाटली पाणी भरायला कधी वापरू नये.

ह्यात एकही गोष्ट पैशाची नाही.

घाटावरची पाटी

संध्याकाळी वाडीचा पेढा आणि कवठाची बर्फी घेऊन आम्ही परत निघालो. गाडीत नेहमीसारखी गाणी झाली नाहीत. मावशी वहीतली सात नावे पुन्हा पुन्हा वाचत होत्या.

पुढच्या आठवड्यात त्या वर्गाला एक फळी घेऊन आल्या. घरातल्या जुन्या पेटीची. म्हणाल्या, "गुरुजी, आपल्या नदीच्या पाणवठ्यावर लावायची हाय. पण काय लिहायचं ते तुम्ही सांगायचं न्हाई. आमी ठरवणार."

वर्गात अर्धा तास वाद झाला. कोणी म्हणाले, "घाण करू नका असं लिहा." मावशी म्हणाल्या, "तसली पाटी कोण मानतंय? ती समद्या गावांत असती." शेवटी त्यांनीच खडूने फळ्यावर वाक्य लिहिले. त्यात 'पितात' मधला 'पि' त्यांनी दीर्घ काढला होता. आप्पांनी तो दुरुस्त केला. मग मावशींनी ब्रश हातात घेतला आणि फळीवर रंगाने एकेक अक्षर काढले. हात थरथरत होता, पण रेघ सुटली नाही.

ती पाटी आता पाणवठ्यावर आहे. तुम्ही कधी आलात तर वाचा. तिच्यावर एवढेच लिहिले आहे :

खाली माणसे पाणी पितात.

माझ्या ओढ्याखालच्या वाडीतली ती म्हातारी आज हयात नाही. असती तर मी तिला ही पाटी वाचून दाखवली असती.

अभ्यास

१. चंदगडहून वाडीला जाताना कोणत्या सात नद्यांची नावे वहीत लिहिली? न पाहता सांगा.

२. चंदगडचे पाणी वाडीला का येत नाही? काठीने जमिनीवर नकाशा काढून दाखवा.

३. औषधाच्या डब्यावरच्या चार रंगांचे त्रिकोण काय सांगतात? घरात असा डबा असेल तर लहान मुलांपासून दूर ठेवून त्यावरचा त्रिकोण पहा.

४. तुमच्या गावाच्या वरचे गाव कोणते? खालचे गाव कोणते? दोन्ही नावे लिहा.

५. तुमच्या पाणवठ्यासाठी एक पाटी तयार करा. वाक्य चार-पाच शब्दांचे असावे आणि ते तुमचे स्वतःचे असावे.